दोघांच्या नावावरचे घर

नाते संपल्यावर माणसाने कसे सावरावे, याविषयी सल्ला द्यायला आपल्याकडे कोणीही पुढे येते. पण परदेशात दोघांच्या नावावर असलेल्या भाडेकरारातून एकाचे नाव कसे काढायचे, एकत्र घेतलेल्या भांड्यांचे काय करायचे, आणि आपल्या आईने त्या माणसाशी जोडलेले नाते मिटवायचे की राहू द्यायचे, हे कोणीच सांगत नाही. हॅम्बुर्गहून मी २०२४ च्या मार्चमध्ये नेरूळला कायमची परत आले. माझे सावरणे निर्धाराने झाले नाही, काळाच्या औषधानेही झाले नाही. ते या असल्या कामांतून, एकेक काम रीतसर पुरे करत झाले. म्हणून ते जसे घडत गेले तसेच इथे मांडते आहे.

मी बेलापूरच्या एका मालवाहतूक कंपनीत समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचे काम करत होते आणि २०१८ मध्ये कंपनीने मला हॅम्बुर्गच्या कार्यालयात पाठवले. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, त्याच वर्षी बाबा तिथे नोकरीला लागले होते. त्यामुळे जहाजे, क्रेन आणि कंटेनर हे आमच्या घरात जेवताना बोलण्याचे विषय होते. हॅम्बुर्गमध्ये एल्ब नदीवर लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यापासून फिंकेनवेर्डरपर्यंत ६२ क्रमांकाची फेरीबोट चालते. शहराच्या बस-रेल्वेच्या साध्या तिकिटावर तिच्यात बसता येते आणि जाताना एका बाजूला संपूर्ण बंदर दिसते. घराची आठवण आली की मी त्या बोटीत जाऊन बसायचे. तिथेच तो भेटला. तो बंदरातल्या एका टर्मिनलवर जहाजांच्या वेळापत्रकाचे काम करत होता आणि न्हावा शेवा हे नाव रोज पडद्यावर वाचत होता, पण न्हावा आणि शेवा ही दोन गावे आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. मी त्याला त्या गावांविषयी सांगितले, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरता उरण तालुक्यात जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनाविषयी आणि त्यातल्या गोळीबारात बळी पडलेल्या पाच शेतकऱ्यांविषयीही सांगितले. पहिल्या भेटीत बोलण्यासारखा हा विषय नव्हे, पण तो शेवटच्या धक्क्यापर्यंत ऐकत राहिला आणि तिथे न उतरता परतीच्या फेरीतही माझ्याबरोबर आला. मला तो आवडला तो त्या ऐकण्यामुळे, आणि आजही त्याच्याविषयी काही चांगले सांगायचे झाले तर मी तेच आधी सांगेन.

पुढच्या वर्षी आम्ही आल्टोना भागात एकत्र राहू लागलो. त्याला पहिल्या लग्नाची एक मुलगी होती आणि ती एक आठवडा आईकडे, एक आठवडा आमच्याकडे असायची. हॅम्बुर्गच्या खाली वेडेल नावाचे गाव आहे. तिथे नदीकाठी १९५२ पासून जहाजांच्या स्वागताची जागा आहे. मोठे जहाज समोरून गेले की ज्या देशाचा ध्वज त्या जहाजावर असेल त्या देशाचे राष्ट्रगीत तिथे वाजवतात. भारताचा ध्वज लावलेले जहाज यावे आणि जन गण मन ऐकायला मिळावे म्हणून आम्ही तिघे कितीतरी रविवार तिथे थंडीत बसलो. येणारी बहुतेक जहाजे लायबेरियाच्या नाहीतर पनामाच्या ध्वजाची असत, त्यामुळे त्या दोन देशांची राष्ट्रगीते मुलीला पाठ झाली होती. आमचे जहाज काही आले नाही. परतताना ती दोघे माझी समजूत घालायची आणि ते मला फार गोड वाटायचे.

आई आणि त्याचे सूत जुळले ते २०२० मध्ये. मार्चमध्ये मी सुटीवर नेरूळला आले असताना विमाने बंद झाली आणि ऑगस्टपर्यंत मला परत जाता आले नाही. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्याची दुपारची जेवणाची सुटी म्हणजे आमच्याकडची चहाची वेळ, त्यामुळे तेव्हा फोन बहुतेक स्वयंपाकघरातच, ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला असायचा. बाबा त्याच्याशी क्रेनविषयी बोलायचे आणि आई त्याला काय शिजते आहे ते दाखवायची. "आई, जेवलात का?" एवढे वाक्य तो आईकडूनच शिकला आणि मग वेळ कोणतीही असो, बोलण्याची सुरुवात त्यानेच करू लागला. तो इकडे आला तो बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, २०२३ च्या जानेवारीत. आईने त्याला दिवाळ्याच्या मासळी बाजारात नेले, बोंबील कसा निवडायचा ते दाखवले आणि कोळणींना "आमचे पाहुणे" अशी त्याची ओळख करून दिली. सीवूड्सच्या तळ्यावर फ्लेमिंगो पाहून आल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नव्हता.

वेगळे होण्याचे कारण सांगायला सोपे आहे, कारण त्यात कोणाचाही दोष नव्हता, आणि नेमके त्यामुळेच ते सोसायला अवघड होते. त्याच वर्षी पावसाळ्यात आई पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, पण तिला एकटे ठेवणे शक्य नव्हते आणि मी एकुलती एक. आई हॅम्बुर्गला यायला तयार नव्हती. ती आली असती तरी तिला तिथे कायम राहण्याची परवानगी मिळणे फार कठीण होते. त्याची मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिला सोडून त्याने नेरूळला येऊन राहावे, असे मी त्याला कधी म्हटले नाही. त्याने तसे केले असते तर मला तो आवडेनासा झाला असता. आम्ही पावसाळ्यापासून नाताळपर्यंत वाटा शोधल्या, वर्षातले काही महिने इकडे आणि काही तिकडे असे कागदावर मांडूनही पाहिले, आणि प्रत्येक मांडणीत तीनपैकी कोणीतरी एकटे पडत होते. डिसेंबरच्या शेवटी एका रात्री त्याने कागद घडी करून बाजूला ठेवला आणि आता थांबू या, असे म्हटले. मलाही तेच म्हणायचे होते.

त्यानंतर खरी कामे सुरू झाली. जर्मनीत भाडेकरार दोघांच्या नावावर असेल तर एकट्याने तो संपवता येत नाही. दोघांनी मिळून तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, किंवा एकाला करारातून मोकळे करायचे असेल तर त्याला घरमालकाची संमती लागते. मुलीची शाळा जवळ असल्यामुळे घर त्याने ठेवायचे ठरले होते. घरमालकीण बाईंनी एक पानाची पुरवणी तयार केली आणि तिच्यावर आम्हा तिघांच्या सह्या झाल्या. अनामत म्हणून तीन महिन्यांचे मूळ भाडे आम्ही निम्मे-निम्मे भरले होते. माझा वाटा त्याने मला दिला आणि तशी पावती आम्ही लिहून ठेवली. नभोवाणी-दूरचित्रवाणीचे शुल्क तिथे दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावे लागते. ते माझ्या नावावर होते, ते त्याच्या नावावर केले. घर सोडल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शहराच्या नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते आणि तसा दाखलाही मिळतो. विमा, बँक, टपाल ही कामे झटपट उरकली.

वेगळे होत असलेल्या दोन माणसांनी एकाच टेबलाशी बसून असे अर्ज भरावेत, हे ऐकणाऱ्याला कोरडे वाटेल. मला त्या कोरडेपणाचा आधार वाटला. काय वाटते आहे, हे आम्ही एकमेकांना इतक्या वेळा सांगून झाले होते की त्या शब्दांतला जीवच गेला होता. दोघांचे मिळून एखादे काम असले, ते चोख झाले आणि त्याखाली दोघांची सही पडली की त्या दिवसापुरता तरी एकमेकांविषयीचा आदर हाताला लागायचा. भांडून, दारे आपटून वेगळे झालेल्या मैत्रिणी मी तिथे पाहिल्या आहेत. त्यांना राग धरता आला म्हणून त्या लवकर सावरल्या, असे त्या म्हणतात, आणि तसे असेलही. आमच्याकडे धरायला राग नव्हता.

मुलीला सांगणे मात्र कोणत्याही अर्जात बसणारे नव्हते. ती आमच्याकडे असतानाच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितले. ती रडली नाही. तिने ओट्याकडे पाहिले आणि पोळपाट कोण नेणार, असे विचारले. आमच्याकडे ती आली की शनिवारी पोळ्या व्हायच्या. मी दोन पोळपाट नेले होते, एक मोठा आणि एक लहान, आणि लहान पोळपाट तिचा होता. त्यावर तिने पेन्सिलीने आपले नाव लिहिले होते, आणि दर वेळी धुतल्यावर ते पुसट झाले की ती ते पुन्हा गिरवायची. मी म्हटले की लहान तुझाच आहे. मग तिने लाटण्याचे विचारले. लाटणे एकच होते, ते आईने घडवून घेतलेले शिसवी लाटणे होते, आणि ते मी तिला दिले. तिचा बाप उठून गॅलरीत गेला. माझे आणि त्या मुलीचे नाते कोणत्याही कायद्यात बसत नव्हते, तिच्यावर माझा कसला हक्क नव्हता, आणि त्याच्यापासून दूर होण्याइतकेच तिच्यापासून दूर होणे मला जड गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा प्रसंगी लोक नवरा-बायकोसारख्या दोघांचाच विचार करतात.

सामान मी समुद्रमार्गे पाठवले. इतरांच्या सामानाच्या याद्या करण्यात माझी नोकरीची वर्षे गेली होती, आता माझी स्वतःची यादी करायची होती. वापरलेले घरगुती सामान, या शीर्षकाखाली प्रत्येक वस्तू, तिची संख्या आणि अंदाजे किंमत लिहायची असते. पिवळा पावसाळी कोट, एक. जुना प्रेशर कुकर, एक. पुस्तके, इतकी. ज्या वस्तू एकत्र घेतल्या होत्या त्यांतली कोणतीही मी उचलली नाही. यादी तुटपुंजी झाली आणि खोकी अर्धीच भरली. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक कंटेनर कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली होती. त्या फेऱ्यामुळे प्रवासात दहा-बारा दिवसांची, कधी त्याहूनही अधिक भर पडत होती. त्यामुळे मी नेरूळला पोहोचले तरी माझे सामान आफ्रिकेच्या किनाऱ्याने येत होते. जहाज कुठे आहे हे मला कामाच्या सवयीने रोज पाहता येत होते, आणि मी पाहत होते. सामान येईपर्यंत आपण खरोखर आलेलो नाही, असे मी मनाशी धरून होते. ते द्रोणागिरीच्या गोदामात आले तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी यादी हातात घेऊन खोकी उघडली, कुकर वर उचलला आणि खालचा शिक्का पाहून, "मॅडम, हा तर इकडचाच," असे म्हणाले. मी हो म्हटले. त्यांनी यादीवर खूण केली आणि ते पुढच्या वस्तूकडे वळले.

नेरूळमध्ये सल्ले सुरू झाले होते. ठाण्याची मावशी दर आठवड्याला एखादे स्थळ सांगायची. शेजारच्या काकू, विसरून जा गं, असे म्हणायच्या. त्या दोघींची माया खरी होती, पण विसरण्याचा सल्ला मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. ज्या माणसाबरोबर मी माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे काढली, ती वर्षे पुसून टाकली तर माझ्याकडे काय उरले असते? आम्ही दोघांनी ठरवून फोन बंद केले होते. मुलीचे काही असेल तरच तो लिहायचा. एवढे अंतर मला आवश्यक होते, पण त्याहून अधिक नको होते.

जूनमध्ये एका संध्याकाळी आई चालण्याचा व्यायाम करून आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अगं, उद्या त्याचा वाढदिवस. मी फोन करू का? तुला चालणार नसेल तर राहू दे." मी तिच्याकडे पाहतच राहिले. तीन महिने ही बाई माझ्यासमोर त्याचे नावही काढत नव्हती, आणि तारीख मनात धरून बसली होती. बाबा गेल्यावर घरात तिच्याशी क्रेनविषयी, मासळीविषयी, गुडघ्याविषयी रोज बोलणारा तो एकच माणूस होता. तो तिचाही गेला होता, आणि तिच्या वाट्याला आलेले हे दुःख सगळ्यांनी, मीही, माझ्याच दुःखात मोजले होते. मी तिला फोन कर म्हटले. दुसऱ्या दिवशी ती आतल्या खोलीत गेली, दार ओढून घेतले, आणि थोड्या वेळाने तिच्या हसण्याचा आवाज आला. मी बाहेर बसून खूप रडले. त्या रडण्यानंतर मात्र काहीतरी सैल झाले, एवढे निश्चित. त्या दिवसापासून घरात त्याचे नाव निघू लागले आणि नाव निघू लागल्यावर त्याचे ओझे कमी झाले.

मी आले त्याच एप्रिलमध्ये सीवूड्सच्या परिसरात काही फ्लेमिंगो मेले. भरतीचे पाणी आत येण्याचा मार्ग अडल्यामुळे डीपीएस तलाव सुकत चालला होता, आणि नेरूळ-सीवूड्सची माणसे तो वाचवण्यासाठी जमू लागली होती. त्या तळ्यावर पुन्हा जायचे नाही, असे मी ठरवले होते, कारण तिथे त्याच्याबरोबर उभी होते. जायला लावले ते आईने, आपल्यातर्फे कोणीतरी जायला हवे, असे म्हणून. मग मी दर रविवारी जाऊ लागले, हातात फलक धरून उभी राहिले, अर्ज लिहिण्याची सवय असल्यामुळे निवेदनांचे मसुदे माझ्याकडे आले. पावसाळ्यापर्यंत ते तळे माझ्या मनात त्याच्या आठवणीचे तळे राहिले नव्हते. तिथल्या नाल्याची पातळी, ओहोटीच्या वेळा, कोणत्या अर्जाला उत्तर आले आणि कोणत्याला नाही, हे सगळे त्या आठवणीच्या शेजारी येऊन बसले होते. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली, तेव्हा मी आनंदाने त्याला आणि मुलीला फोटो पाठवला.

माझ्याकडे जर्मनीतला कायम निवासाचा परवाना होता. असा परवाना असलेला माणूस सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला तर तो परवाना आपोआप संपतो, आणि कायमचे राहायला दुसरीकडे गेल्यास तर त्याआधीच. नोंदणी रद्द करून, सामान हलवून आलेल्या मला हे पुरते ठाऊक होते. तरीही सहा महिन्यांची मुदत मी मनात जपून ठेवली होती, आणि सप्टेंबर जवळ आला तसा मी विमानाचे दर पाहू लागले. ती तारीख आईच्या तपासणीच्या दिवशी आली. डॉक्टरांनी तिला काठीशिवाय चालून दाखवायला सांगितले आणि ती चालली. घरी येऊन मी दरांची ती पाने बंद केली. त्यानंतरचा एक बदल मला आपोआप कळला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळे एक तास मागे घेतात आणि आपल्यातले अंतर साडेचार तासांचे होते. आल्यापासून मी दोन्ही वेळा डोक्यात घेऊन वावरत होते. आता तो जेवत असेल, आता ती शाळेतून आली असेल, असे सारखे चालायचे. त्या वर्षी कामाच्या बैठकीला मी एक तास आधी येऊन बसले आणि हॅम्बुर्गचे कोणी दिसेना, तेव्हा लक्षात आले की तिथली वेळ बदलून दोन दिवस झाले आहेत.

आता मी द्रोणागिरीला नोकरी करते आणि उरणच्या लोकलने जाते-येते. तळ्याच्या कामात ओळख झालेल्या करावे गावच्या एका शिक्षकांबरोबर मी अधूनमधून फिरायला जाते. त्यांना मी हॅम्बुर्गविषयी सगळे आधीच सांगितले, आणि त्यांनीही आपल्या मोडलेल्या लग्नाविषयी सांगितले. पुढे काय होईल याची मला घाई नाही, मावशीला आहे. हॅम्बुर्गच्या शाळांना मार्चमध्ये दोन आठवड्यांची सुटी असते आणि तेव्हा फ्लेमिंगो इथेच असतात, म्हणून येत्या मार्चमध्ये मुलगी आणि तो येणार आहेत. त्याने आपल्याकडेच उतरावे असे आईचे म्हणणे होते, मला ते नको होते, आणि त्यावरून आमचे दोन दिवस बोलणे बंद होते. शेवटी मुलीने आमच्याकडे आणि त्याने वाशीच्या हॉटेलात राहायचे, असे ठरले आहे. तळ्यावर त्यांना शिक्षक घेऊन जाणार आहेत, कारण चांगली दुर्बीण त्यांच्याकडेच आहे.